भाचीला हेलिकॉप्टर शिकायचे आहे

आपल्या वस्तीतली मुलगी बारावीच्या उंबरठ्यावर आली की पुढे काय करणार याची उत्तरे ठरलेली असतात. नर्सिंग, डी.एड., नाहीतर बी.कॉम. करता करता बँकेच्या परीक्षा. फारच हुशार असली तर इंजिनिअरिंग. माझ्या भाचीने यातले एकही नाव घेतले नाही. ती म्हणाली, मला हेलिकॉप्टर चालवायला शिकायचे आहे. घरात कुणी हसले नाही, याचे मला कौतुक वाटते. पण तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, मनातून हादरली.

बहीण बदलापूरला राहते. दाजी रिक्षा चालवतात आणि ती उल्हासनगरच्या कारखान्यातून जीन्सच्या पँटी आणून धागे कापायचे काम घरी करते. तिने मला बोलावून घेतले. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एकतीस वर्षे मेंटेनन्स फिटर होतो आणि त्यातली काही वर्षे कामगारांच्या वतीने सेफ्टी कमिटीवर होतो. म्हणून घरात कुणी गॅसची नवी शेगडी आणली तरी मला विचारतात. बहीण म्हणाली, “दादा, दर दोन महिन्यांनी टीव्हीवर एक हेलिकॉप्टर पडलेलं दाखवतात. तू मशिनीतला माणूस आहेस. तू सांग, पाठवू का नको?”

तिची भीती खोटी नाही. २५ मे २०१७ ला लातूर जिल्ह्यात निलंग्याला मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उडाल्याबरोबर खाली आले आणि विजेच्या तारांत सापडून पडले. सगळे वाचले ते नशीब. ३ मे २०२४ ला महाडला एका पक्षाच्या नेत्या सुषमा अंधारे यांना न्यायला आलेले हेलिकॉप्टर उतरता उतरता धुळीच्या लोटात कलंडले. त्यात अजून कुणी बसले नव्हते आणि दोन्ही वैमानिक बचावले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला पुणे जिल्ह्यात पौडजवळ एक पडले, चौघेही वाचले. २ ऑक्टोबरला पुण्याच्या बावधनला सकाळच्या धुक्यात दुसरे पडले आणि तिघे गेले. १५ जून २०२५ ला केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर डोंगरात कोसळून सात जण मेले, त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे आईबाप आणि त्यांचे लहान मूल होते.

शिकणाऱ्यांचेही अपघात होतात, हेही मी बहिणीपासून लपवले नाही. १६ जुलै २०२१ ला जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात प्रशिक्षणाचे विमान डोंगरात पडले. शिकवणारा गेला, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. तिला खाली आणायला स्ट्रेचर नव्हते, तेव्हा जवळच्या वस्तीतल्या एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून तिची झोळी करून दिली. पुढच्या वर्षी २५ जुलैला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक मुलगी एकटीच विमान चालवत असताना पडली. तीही बचावली. ही दोन्ही विमाने होती, हेलिकॉप्टरे नव्हेत. पण आईला त्यात काय फरक?

मी बहिणीला म्हटले, मला महिनाभर दे. मी आणि भाची पुस्तके वाचू, मग सांगतो.

हे वेड तिच्या डोक्यात शिरले कुठून ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजाराच्या वर माणसे गाडीत होती. एनडीआरएफ, नौदल, लष्कर, आसपासच्या गावांतले लोक, सारे धावले. हेलिकॉप्टरेही आली. पण माणसे बाहेर काढली ती मुख्यतः होड्यांनी. भाची तेव्हा पाचवी-सहावीत होती, गच्चीवरून दिवसभर आभाळाकडे बघत बसली होती. पुढच्याच आठवड्यात, ४ ऑगस्टला, आपल्याच कल्याण भागातल्या जू-नांदखुरी गावाला पाण्याने वेढले. तिथे मात्र हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरने ५८ माणसांना उचलून आणले. तिने ती बातमी कापून वहीत चिकटवली. आमच्या भागाचे आकाशाशी दुसरे नाते म्हणाल तर नेवाळीची ती जुनी धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन बांधलेली. २२ जून २०१७ ला त्याच जमिनीवरून शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले होते. तिथून कुणाच्या पोराला वैमानिक होता आले असे काही माझ्या ऐकिवात नाही.

तर वाचकहो, आम्ही वाचायला बसलो. वैमानिकाला जे पेपर द्यावे लागतात त्यातला एक अख्खा पेपर कायद्याचाच असतो, ‘एअर रेग्युलेशन्स’. बाकीचे दिशा ओळखण्याचे, हवामानाचे आणि यंत्राचे. पास व्हायला शंभरात सत्तर गुण लागतात. पस्तिसाची सोय नाही, हे मला पहिल्या झटक्यात आवडले. परीक्षा आणि परवाने देणारे खाते म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, लोक त्याला डीजीसीए म्हणतात. मूळ कायदा १९३४ चा, नियम १९३७ चे. १ जानेवारी २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला. भाची इंग्रजी वाचून दाखवी, मी मराठीत अर्थ लावी. कायदा वाचायचा आमच्या घराण्याला कंटाळा नाही.

शिकणाऱ्याचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो. तो हाती आला म्हणजे उडायची मोकळीक मिळाली असे नाही. शिक्षकाच्या परवानगीशिवाय आणि देखरेखीशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. एकटीने उडायचे ते शिक्षक म्हणेल तेव्हाच, आणि तेव्हा शेजारी कुणाला बसवायचे नाही. मैत्रिणीला नाही, आईला नाही. हा नियम ऐकून बहिणीला बरे वाटले. उड्डाणाआधी बारा तास दारूचा थेंब नको, आणि श्वासाची तपासणी विद्यार्थ्यालाही चुकत नाही. आपल्याकडे रिक्षाच्या लायसनला एवढे लावले असते तर बरे झाले असते, असे दाजी म्हणाले. पैसे घेऊन चालवायचा परवाना, म्हणजे कमर्शियल लायसन, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर. विमानाला त्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, हेलिकॉप्टरला १५०. डोळे, कान, हृदय आणि रंगांची ओळख यांची डॉक्टरी तपासणी असते, सुरुवातीला साधी आणि कमर्शियलला कडक.

इथवर मला सगळे ओळखीचे वाटत होते. कारखान्यात नवा मुलगा आला की त्यालाही आम्ही महिनाभर मशीनला एकटे सोडत नसू. खरी झोप उडाली ती पुढच्या प्रकरणांनी.

हेलिकॉप्टर चालवणाऱ्याच्या डाव्या हातात एक दांडा असतो. तो वर ओढला की वरच्या पंख्याची सगळी पाती एकदम जास्त तिरपी होतात आणि यंत्र वर चढते. उजव्या हातातल्या दांड्याने पुढे, मागे, बाजूला जायचे. पायाखालच्या पेडलने शेपटीचा छोटा पंखा सांभाळायचा, नाहीतर वरचा पंखा एकीकडे फिरतो आणि डबा उलटीकडे फिरू लागतो. दोन हात, दोन पाय, चौघांना वेगवेगळे काम. आमच्याकडच्या जुन्या रेडियल ड्रिलवाल्याला हे ऐकवले तर तो म्हणाला, मला दोन हातांचंच जमेना.

आता समजा इंजिन बंद पडले. माणूस खाली पडू लागला की जिवाच्या आकांताने काय करेल? डावा दांडा वर ओढेल. तेच केले तर तो मेला. तिरपी झालेली पाती हवेला अडतात, पंख्याचा वेग गळतो, आणि पंखा एकदा मंदावला की तो हवेत परत वेग घेत नाही. करायचे ते उलट. दांडा ताबडतोब खाली दाबायचा. मग खालून वर येणारी हवाच पंखा फिरवत ठेवते. जत्रेतले भिरभिरे वाऱ्यापुढे धरले की मोटारीशिवाय फिरते, तसे. त्या फिरत्या पंख्याच्या जोरावर सावरत खाली यायचे, जमिनीजवळ नाक उचलून वेग मारायचा, आणि मग शेवटी, अगदी शेवटी, दांडा वर घेऊन अलगद टेकायचे. याला ऑटोरोटेशन म्हणतात. शिकणाऱ्यांसाठी जगभर वापरले जाणारे रॉबिन्सन कंपनीचे दोन माणसांचे आर-२२ हे हेलिकॉप्टर इतके हलके, त्याचा पंखाही इतका हलका, की दांडा खाली दाबायला सेकंद-दीड सेकंदच मिळतो. विचार करायला वेळ नाही. म्हणून शिक्षक पुन्हा पुन्हा इंजिनचा जोर काढून घेतो आणि पोराकडून ते करवून घेतो, हातात बसेपर्यंत.

याच छोट्या हेलिकॉप्टरची आणखी एक गोष्ट आहे. उजवा दांडा एकदम पुढे ढकलला तर यंत्र क्षणभर हलके होते, झोपाळा वरून खाली येताना पोटात कालवते तसे. मग ते उजवीकडे कलू लागते. माणूस साहजिकच दांडा डावीकडे घेतो. तसे केले की पंख्याचा मधला भाग आपल्याच उभ्या दांड्यावर आदळतो आणि पंखा तुटून जातो. बरोबर उपाय म्हणजे आधी दांडा हळूच मागे घ्यायचा, पंख्यावर पुन्हा वजन येऊ द्यायचे, मगच कल सरळ करायचा. माणसे मरत गेली तेव्हा अमेरिकेच्या विमान खात्याने १९९५ मध्ये आर-२२ आणि आर-४४ या दोन हेलिकॉप्टरांसाठी वेगळा नियमच काढला, की हे आधी जमिनीवर शिकवल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. हा धडा हवेत करून दाखवत नाहीत. फळ्यावरच शिकवतात, कारण करून दाखवणाराही मरेल.

मी पुस्तक मिटून बसून राहिलो. प्रत्येक ठिकाणी हाताची पहिली ओढ चुकीची. मनगटातला उपजत धर्म बदलायचा, हे शिक्षण. आमच्या प्रेसवर पत्रा अडकला की नवा पोरगा आधी बोटे घालतो. त्याला ओरडून काही होत नाही. मेन स्विच पाड, फ्यूज काढ, खिशात घाल, मग हात घाल, हे त्याच्याकडून शंभर वेळा करवून घ्यावे लागते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. एवढे सगळे हातात बसवूनही बावधनला आणि केदारनाथला माणसे गेली. धुके किंवा ढग आडवा आला आणि डोळ्यांनी बघून उडणाऱ्याला जमीन दिसेनाशी झाली, की माणसाचे कान आणि पोट त्याला खोटे सांगू लागतात. आपण सरळ आहोत असे वाटते आणि यंत्र कललेले असते. म्हणून अशा उड्डाणासाठी किती लांबचे दिसले पाहिजे, ढगापासून किती दूर राहायचे, याचे आकडे नियमात असतात. पण आकडे काही दांडा धरत नाहीत. जमिनीवर उभे असतानाच “आज नाही उडणार” असे म्हणणारा माणूस लागतो. कायद्यानेही तो माणूस ठरवून दिला आहे. १९४४ च्या शिकागो करारातून जे आंतरराष्ट्रीय नियम झाले त्यांत साफ लिहिले आहे की यंत्राचा ताबा ज्याच्याकडे, त्या वैमानिकाचा निर्णय शेवटचा. मालक बसलेला असो की मंत्री.

हे वाचून मला आमच्या कारखान्यातला एक प्रसंग आठवला. कोणता कारखाना ते सांगत नाही. प्रेसचा गार्ड काढून ठेवला होता, कारण गार्ड लावला की तासाला पीस कमी पडत. माझ्या सोबत्याने दोनदा सांगितले, गार्ड लावा. सुपरवायझर म्हणाला, नसेल करायचे तर गेटबाहेर पोरे उभी आहेत. त्या पाळीत त्याची तीन बोटे गेली. चौकशी झाली आणि कागदावर आले, “कामगाराचा हलगर्जीपणा”. गार्डचे नावसुद्धा नाही.

विमानाच्या कायद्यात अपघाताची चौकशी करणारी वेगळी संस्था आहे, २०१२ पासून डीजीसीएपासून वेगळी काढलेली. तिच्या चौकशीचा हेतू दोषी कोण ते ठरवणे हा नसून पुन्हा तसे घडू नये हा आहे, असे नियमातच आहे. कोणता पेच सैल होता, कोणी काय दडपण आणले, हवामानाची खबर होती की नव्हती, सगळे लिहायचे. व्यवहारात नेहमी तसेच होते असे मी म्हणणार नाही. पण कागदावर तरी एका शब्दात माणसाला मोडीत काढलेले नाही. आमच्या शेडमध्ये एवढे असते तर त्या सोबत्याच्या मुलांचे शिक्षण अर्धवट राहिले नसते.

महिन्याने बहिणीकडे गेलो आणि हे सगळे सांगितले. ती पँटीचे धागे कापता कापता ऐकत होती. माझे संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. “दादा, हिच्या डोक्यावर कर्ज असलं आणि मालक म्हणाला उड, तर ही नाही म्हणू शकेल का?”

मी महिनाभर पुस्तके वाचली, पण हा प्रश्न कोणत्याच पुस्तकात नव्हता. खाजगी शिकायचे म्हणजे पैसा लागतो, तोही लाखांच्या मोठ्या आकड्यात. विमान शिकवणाऱ्या संस्था आपल्या राज्यात बारामती, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी आहेत. हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या साऱ्या देशात बोटांवर मोजण्याएवढ्या. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्तीच्या नियमांत खाजगी फ्लाइंग क्लबात कमर्शियल परवाना शिकणाऱ्यांसाठी वर्षाला ३.७२ लाखांपर्यंत फी देण्याची तरतूद केलेली होती. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या सवलती आपल्यालाही लागू झाल्या, तेव्हा ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांनी आजची मर्यादा आणि संस्थांची यादी समाजकल्याण कार्यालयात जाऊन जरूर पाहावी. पण हेलिकॉप्टरचा तास विमानाच्या तासापेक्षा महाग. बाकीचे कुठून आणायचे? दाजी म्हणाले, घर तारण ठेवू. आणि नेमकी तिथेच बहिणीची भीती होती. जिच्या आईबापाचे घर बँकेत आहे, ती मुलगी धुक्यात मालकाला नाही कशी म्हणेल? गेटबाहेर पोरे उभी आहेत, हे तिलाही ऐकवले जाईल.

म्हणून घर तारण ठेवायचे नाही, हे आम्ही त्याच दिवशी पक्के केले. भाची रडली. मग मी तिला दुसरी वाट दाखवली, जी पुस्तके चाळताना सापडली होती. लष्कर, नौदल, हवाई दल आपले वैमानिक स्वतः तयार करतात. फी नाही, उलट पगार. देशातले कितीतरी मुलकी हेलिकॉप्टर वैमानिक आधी फौजेतच शिकलेले आहेत. सैन्याच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा तर नाशिक रोडला, गांधीनगरला आहे. २५ मे २०२२ ला तिथूनच कॅप्टन अभिलाषा बराक या सैन्याच्या हवाई दळातल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. खडकवासल्याच्या एनडीएत मुलींना २०२२ पासून प्रवेश आहे आणि ३० मे २०२५ ला त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. साडेसोळा ते साडेएकोणीस वयात बसता येते, नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. भाचीकडे तिन्ही आहेत. वाट सोपी नाही. जागा थोड्या, मुली हजारो, आणि निवड झाली तरी हेलिकॉप्टरच मिळेल याची खात्री नाही. फौजेतही हुकूम असतात, हे बहिणीने लगेच काढले. मी म्हटले, असतात, पण कर्ज नसते.

जाता जाता एक सांगून ठेवतो, कारण निवडणुकीत आपल्या मैदानांवरही हेलिकॉप्टरे उतरतात आणि आपली पोरे टाळ्या वाजवत धावतात. फिरत्या पंख्याकडे धावायचे नाही. जायचेच झाले तर बोलावल्यावर, पुढून, वैमानिकाला दिसेल असे, वाकून. टोपी, ओढणी, पदर घट्ट धरायचा. शेपटीकडे तर फिरकायचेच नाही, कारण शेपटीचा पंखा वेगात फिरताना डोळ्यांना दिसत नाही. २३ एप्रिल २०२३ ला केदारनाथच्या हेलिपॅडवर उत्तराखंडच्या नागरी उड्डाण खात्याचा एक अधिकारी त्या पंख्यानेच मेला. ज्याचे कामच हेलिकॉप्टरचे, तो.

भाचीने एनडीएचा फॉर्म भरला आहे. सध्या पहाटे साडेचारला उठून गणिते सोडवते आणि संध्याकाळी गावदेवी मैदानावर धावते. डोळ्यांची तपासणी आधीच करून घेतली, म्हणजे पुढे पंचाईत नको. रंग सगळे ओळखले. पेपर दूर आहे, निकाल त्याहून दूर. पण परवा बहिणीने मला सहज विचारावे तसे विचारले, “दादा, कल्याणहून नाशिक रोडला सकाळची पहिली गाडी किती वाजता असते रे?”